सदस्य ४१७ : काम थांबले

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी सदस्य ४१७ च्या पानावर एका नागरिकाने प्रश्न विचारला.

‘काल दुपारी ३:०८ ला तुमच्याकडे वीज गेली होती का?’

प्रश्न विचारणाऱ्याचे नाव नव्हते. नाव देण्याची सक्ती नव्हतीच. या पानांवर लोक रोज प्रश्न विचारत. आमच्या टाकीची पातळी उलटी का दिसते, क्लोरिनचा आकडा कुठे बघायचा, असले प्रश्न. विजेबद्दल आजवर कोणी विचारले नव्हते.

सदस्य ४१७ म्हणजे शलाका केंजळे. वय चौतीस. देवरुखच्या बाजारपेठेत, एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत ती राहत होती. तिने प्रश्न दोनदा वाचला. मग उठून दाराची कडी लावली. कडी आधीच लावलेली होती.

ती ‘जलरेखा सिस्टिम्स’ या पुण्याच्या कंपनीत होती. ही कंपनी छोट्या शहरांच्या पाणीपुरवठ्याचे सॉफ्टवेअर बनवते. झडप कधी उघडायची, क्लोरिन किती सोडायचे, हे ते ठरवते. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरने एका शहराच्या पाण्यात सहापट क्लोरिन सोडले. एकसष्ट माणसे रुग्णालयात गेली. त्या सतरा मिनिटांत पडद्यासमोर कोण होते, हे चौकशीत शेवटपर्यंत कळले नाही. त्यानंतर नियम आला. पाण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची नोंद दर तासाला लोकांसमोर यायला हवी.

नोंद माणूस लिहीत नाही, यंत्र लिहिते. ते संगणकावरचे काम बघते आणि तास संपला की दोन-तीन वाक्ये खुल्या पानावर टाकते. ‘झडप क्रमांक ९ च्या कोडची तपासणी केली. दोन चुका दुरुस्त केल्या. ३:०८ ते ३:३९ काम थांबले.’ नावाऐवजी क्रमांक असतो. खंड मात्र मिनिटासकट छापला जातो, कारण सगळा नियम त्या सतरा मिनिटांसाठीच होता. रोजची पंधरा मिनिटे सोडून आठवड्यात पंचेचाळीस मिनिटांहून जास्त खंड पडला तर क्रमांकासमोर लाल ठिपका येतो. लाल ठिपक्याचा माणूस आमच्या कामावर नको, असे म्हणण्याचा नगरपरिषदांना अधिकार आहे.

शलाकाने ही नोकरी घेतली ती त्या क्रमांकासाठी. चौदा महिन्यांपूर्वी तिने पुण्यातले घर सोडले होते. तिचा नवरा सारंग एका विमा कंपनीत आकडेवारीचा विश्लेषक होता. रोज संध्याकाळी तो तिला समोर बसवून विचारायचा, “नऊ ते दहा काय केलंस? दहा ते अकरा?” उत्तरात दहा मिनिटे जरी कमी पडली तरी तो थांबायचा आणि वाट बघायचा. शलाकाला लहानपणापासून मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावेच लागते. शेवटच्या वर्षात त्याने इन्सुलिनची पेने स्वतःच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. सगळे तास सांगून झाले की एक पेन बाहेर यायचे. एकदा तिने एक तास खोटा सांगितला. त्या दिवशी पेन बाहेर आले नाही, आणि तिने नऊ तास न्हाणीघरात ओकत काढले.

न्यायालयाने त्याला तिच्यापासून पाच किलोमीटर लांब राहण्याचा आदेश दिला. ती कुठे राहते हे त्याला सांगितले गेले नाही.

मंगळवारी दुपारी तिने सारंगसारखा विचार करून बघितला. सहा वर्षांच्या संसारात ती सवय लागली होती.

आधी क्रमांक. ती कोड लिहिते हे त्याला माहीत होते, आणि खुल्या पानांच्या कंपन्या मोजक्याच होत्या. जलरेखात पाचशे बारा माणसे खुल्या पानावर होती. त्यांतले किती जण रोज ११:१० ला चार मिनिटे, १:३० ला सहा मिनिटे आणि ४:२० ला चार मिनिटे थांबत? पहिला आणि शेवटचा खंड खाण्यासाठी, मधला इंजेक्शनसाठी. सात महिने, एकही दिवस न चुकता. ती एकटीच होती.

मग जागा. उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणाऱ्या मुख्य तारेला फीडर म्हणतात. राज्यात असे हजारो फीडर आहेत, आणि कुठला किती वाजता बंद पडला हे वीज कंपनी दोन वर्षांपासून मिनिटासह प्रसिद्ध करते, ग्राहकांना भरपाई मागता यावी म्हणून. एका मिनिटाला बंद पडलेले फीडर फार तर वीस-पंचवीस. त्यांतले बरोबर एकतीस मिनिटांनी सुरू झालेले दोन किंवा तीन. दुसऱ्या दिवशीचा आणखी एक खंड जुळवला की उरतो एक. हे हाताने करावे लागत नाही, ग्राहक मंचाच्या संकेतस्थळावर त्याची सोय आहे. खंडांच्या वेळा टाकायच्या, ते नाव सांगते.

शलाकाचा लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. पण पाण्याच्या कोडवर काम करायला एकच नोंदवलेली फायबर जोडणी चाले, आणि तिची पेटी कोपऱ्यावरच्या खांबावर होती. पेठेची वीज गेली की पेटी बंद, पेटी बंद की काम बंद.

तिने स्वतःचे तीन खंड त्या संकेतस्थळावर टाकले. चार सेकंदांत उत्तर आले. ‘देवरुख बाजारपेठ.’

बुधवारी संध्याकाळी पाच सव्वीसला दुसरा प्रश्न आला.

‘गिरणीचा आवाज फार होतो का?’

तिने फरझाना मुजावरला फोन लावला. फरझाना तिच्याच सातजणांच्या गटात, मिरजेत घरून काम करणारी. आठवड्यातून तीनदा दोघींचे बोलणे व्हायचे.

“फरझाना, गिरणीबद्दल तू कुठं काही लिहिलं होतंस?”

“कारणात लिहिलं की. का गं?”

खंडाचे कारण लिहिण्याची सोय नियमात होती, मात्र स्वतःचे कारण स्वतः लिहिता येत नसे, दुसऱ्या सदस्याने लिहायचे. कारण पटले तर ती मिनिटे धरली जात नसत. बाकीचे गट यात आळस करत. या गटाने मात्र ती रीतच पाडली होती. कोणाचाही खंड पडला की तासाभरात दुसरा कोणी कारण लिहायचा, आणि सात महिन्यांत गटातल्या एकालाही लाल ठिपका लागला नव्हता. फरझानाची कारणे तर बाहेरचे लोकही आवडीने वाचत. ‘सदस्य २३१ यांच्या मांजरीने लॅपटॉपवर पिल्ले घातली. तीन पिल्ले, सगळी ठीक. २३१ यांना माफ करावे.’

“वाच ना काय लिहिलंयस ते,” शलाका म्हणाली.

“थांब. ‘४१७ यांच्या खोलीखाली पिठाची गिरणी आहे. संध्याकाळी मोटर सुरू झाली की खांबावरचा फ्यूज उडतो. गिरणीवाल्या काकींनी नवीन वायर टाकायचं कबूल केलं आहे. चूक ४१७ यांची नाही.’ चांगलं लिहिलंय की. अकरा मिनिटं वाचली तुझी त्यानं.” मग तिला पलीकडे कडी ओढल्याचा आवाज आला. “शलाका? काय झालं?”

शलाकाने सांगितले. सारंगबद्दल ती गटात पहिल्यांदाच बोलत होती.

“अल्ला,” फरझाना म्हणाली. तिने ते कारण पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाली, “मला वाटलं, तुला लाल लागायला नको.”

“तुला काय माहीत होतं.”

“तू सांगितलं असतंस तर…”

“सांगितलं असतं तर तू मलाच जपायला आणखी काहीतरी लिहिलं असतंस,” शलाका म्हणाली, आणि तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

गटप्रमुख जयवंत शिरसाट पुण्यात होते. पन्नाशीचे, कोणाच्याही अडचणीला धावून जाणारे गृहस्थ. त्यांनी फोनवर सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“सर, ते कारण पुसा.”

“पुसता येत नाही गं. पुसलं तरी ‘मजकूर काढला’ असं दिसतं आणि जुना मजकूर तीन दिवस तसाच राहतो. नियमच आहे.”

“मी आत्ता निघून गेले तर?”

“तर पान लिहील, ४१७ यांचे काम थांबले आहे.”

“म्हणजे त्याला कळेल, मी हलले. आणि नवीन गावी जाऊन काम सुरू केलं तर?”

हिशोब शिरसाटांनाही येत होता. नवीन गावात दोनदा लाईट जाईपर्यंत ती सुरक्षित होती.

त्या संध्याकाळी शलाकाने एक गोष्ट केली. सारंगच्या विमा कंपनीने दोन महिन्यांपूर्वी, नियमाची सक्ती नसताना, ग्राहकांचा विश्वास वाढावा म्हणून आपल्या माणसांची पाने खुली केली होती. तिथेही क्रमांकच होते, एकोणीसशे. तिने सारंगचा दिवस आठवला. अकराला चहा, नऊ मिनिटे. जेवणाला सुट्टी नाही, डबा पडद्यासमोर. साडेतीनला सिगारेट, सात मिनिटे. शुक्रवारी पाचच्या ठोक्याला बंद. तिला चाळीस मिनिटे लागली. सदस्य १०८८.

त्याचे पान फोनवर उघडून ती बसून राहिली. नऊ ते दहा काय केलं, दहा ते अकरा काय केलं, सगळे तिथे होते.

गुरुवारी सकाळी १०८८ चे काम नेहमीसारखे सुरू झाले. पण दहाच्या नोंदीत दोन खंड होते, एक चार मिनिटांचा आणि एक तीन. त्याच्या कार्यालयात वीज जात नसे. अकराच्या नोंदीत आणखी तीन. चहाची नऊ मिनिटे बाराच्या नोंदीतही नव्हती.

मग तिला सुचले. हे विजेचे खंड नव्हते, नेटवर्कचे होते. तो गाडीत बसून, फोनच्या नेटवर्कवर काम करत होता. रस्त्यावर कुठे नेटवर्क मिळत नाही त्याचे नकाशेही खुले असतात. तिने त्याचे खंड क्रमाने जुळवले. आधी पुणे–कराड रस्ता निघाला, मग कराडहून मलकापूरकडे वळणारा. मलकापूरच्या पुढे आंबा घाट लागतो. घाट उतरला की साखरपा, आणि साखरप्याहून देवरुख.

तिने पाय चपलांत सरकवले आणि खाली आली. गिरणी चालू होती. गिरणीच्या मालकीण रेडीज काकी पिठाने पांढऱ्या झालेल्या उभ्या होत्या.

“काकी, मला पोलीस ठाण्यात यायला सोबत हवी.”

काकींनी तिच्या तोंडाकडे बघितले आणि मोटर बंद केली. दळणाच्या डब्यांजवळ दोन बायका बसल्या होत्या. “परत येते गो,” एवढेच त्यांना सांगून काकी तशाच निघाल्या.

ठाण्यात हवालदार सुरेखा घाग होत्या. त्यांनी न्यायालयाचा आदेश वाचला, दोन प्रश्न वाचले, मग फोनवरचे १०८८ चे पान बघितले.

“म्हणजे तो तुम्हाला दिसला नाही. फोन नाही, धमकी नाही. एक माणूस मधूनमधून काम करत नव्हता, एवढंच?”

“हो.”

“ताई, त्यावर आत घालायचं म्हटलं तर अर्धं ठाणं आत जाईल.”

“तो घाटात आहे आत्ता,” शलाका म्हणाली. “घाटात वीस-एकवीस मिनिटं नेटवर्क नसतं. एकची नोंद येऊ दे. तिच्यात वीस-एकवीस मिनिटांचा एक सलग खंड असेल. नसला तर मी घरी जाते.”

“आणि असला तर?”

“तर तो साखरप्याला पोचलेला असेल.”

भिंतीवर घड्याळ होते. काकींनी शलाकाचा हात धरला होता आणि तो हात पिठाने माखत होता. एक वाजून आठ सेकंदांनी पान बदलले.

‘दावे क्रमांक ३४० ते ३५२ ची छाननी केली. १२:३१ ते १२:५२ काम थांबले.’

घागबाईंनी ते वाचले. मग टोपी उचलली. “गाडीचा नंबर माहीत आहे?”

शलाकाला नंबर माहीत नव्हता, तिने सारंगचा फोटो दिला; एक बावीसला साखरपा रस्त्यावर गाडी अडवली. गाडी भाड्याची होती, चालकासकट. मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप उघडा ठेवून सारंग बसला होता. त्याने ओळखपत्र दाखवले, आवाज चढवला नाही. कंपनीच्या कामाला रत्नागिरीला चाललो आहे, म्हणाला. गाडी जिथे अडवली तिथून शलाकाची खोली साडेआठ किलोमीटरवर होती. आदेश पाच किलोमीटरचा होता. गुन्हा झालेला नव्हता. त्याचा जबाब घेतला, समज दिली आणि गाडी आल्या वाटेने परत पाठवली.

घाग परत आल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. शलाका बाकावर तशीच बसली होती.

“गेला. घाट चढेपर्यंत आमची गाडी मागे होती.” त्या थांबल्या. “जाताना एक बोलला. मी डायरीत लिहून घेतलंय. म्हणाला, शलाकाला सांगा, दीडचं इंजेक्शन आज राहिलं.”

ते खरोखरच राहिले होते. तिच्या लक्षातही नव्हते.

पुढच्या आठवड्यात कंपनीने दोन पर्याय दिले. एक, खुल्या पानावरून उतरायचे. पण मग पाण्याच्या कोडला हात लावता येणार नव्हता, नवीन माणसांना शिकवण्याचे काम होते. दोन, दुसरे गाव. पत्ता फक्त शिरसाटांना माहीत राहील. खंडांच्या वेळा जवळच्या पंधरा मिनिटांना धरून छापाव्यात का, हे ठरवायला एक समितीही नेमली. समितीला सहा महिन्यांची मुदत होती.

“पान सोड,” फरझाना फोनवर म्हणाली. तिने कारणे लिहिणे बंद केले होते. नुसते तिनेच नाही, गटात कोणीच कोणाबद्दल काही लिहीत नव्हते. त्या आठवड्यात सातातल्या तिघांना लाल ठिपका लागला. त्यांतली एक फरझाना होती. “शिकवायचं काम काय वाईट आहे? जीव तर राहील.”

“तो पानावरून नाही आला, फरझाना. मी कशी जगते ते त्याला माहीत होतं, म्हणून आला. पान नसेल तर दुसरं काहीतरी शोधेल. फरक एवढाच, की तो कुठे आहे ते मला कळणार नाही.”

“म्हणजे तू दिवसभर त्याचं पान बघत बसणार?”

तासाची नोंद यायची वेळ झाली होती; शलाकाने घड्याळाकडे बघितले.

“तू त्याच्यासारखी व्हायला लागलीस गं,” फरझाना हळू आवाजात म्हणाली.

“माहीत आहे मला.”

ती देवरुखातच राहिली, आणि पानावरही. कारण तिने शिरसाटांना एका वाक्यात सांगितले. दुसऱ्या गावात तिला ओळखणारा सारंग एकटाच असेल, इथे बाकीचेही आहेत. काकींनी तिला काही न विचारता सारंगचा फोटो छापून आणला आणि गिरणीत, औषधाच्या दुकानात, शिवणकामाच्या दुकानात आणि एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत दिला. खिडकीतल्या माणसाने विचारले, “निवडणुकीला उभा हाय काय?” काकी म्हणाल्या, “उभा दिसला तर मला फोन कर, तोंड उघडू नको.”

१०८८ च्या पानावर मोठा खंड पडला की शलाका काकींना हाक मारायची. काकी तीन फोन करायच्या आणि पेठ रस्त्याकडे बघायची. पंधरा मिनिटांनी, वीस मिनिटांनी पान पुन्हा सुरू व्हायचे. पुण्यात कुठेतरी तो बैठकीला गेलेला असायचा, किंवा मुद्दामच हात थांबवून बसलेला. त्यातले कुठले खरे, ते यंत्र लिहीत नव्हते. महिन्याभरात असे अकरा वेळा झाले. शलाकाचे चार किलो वजन उतरले.

बाराव्या वेळी खंड दिसलाच नाही. त्या दिवशी साडेबाराला वीज गेली. बावनदीजवळ तारांवर झाड पडले होते. शलाका फोनवर पान बघत राहिली. बाराच्या नोंदीत काही नव्हते, एकच्या नोंदीत काही नव्हते. पण साखरप्याला एखाद्या खोलीत बसून काम केले तरी नोंद अशीच आली असती. पावणेदोनला मोबाइल टॉवरची बॅटरी संपली आणि फोनवरचेही नेटवर्क गेले.

ती खोलीत शांत बसली. काही मिनिटांनी तिला काय घडते आहे ते नीट कळले. आपल्याला त्याचे पान दिसत नाही, एवढेच नव्हते. तिच्या पानावर आत्ता लिहिले जात होते, १२:३१ पासून काम थांबले आहे. ते त्याला दिसत होते. पेठ अंधारात आहे, तिला आता काहीच दिसत नाही, हे तो जिथे असेल तिथे वाचत होता.

ती खाली आली. मोटर बंद होती, त्यामुळे काकींचा आवाज मोठा वाटला. “काय गो बाय, लाईट आली काय?”

“काकी, साखरप्याची एसटी किती वाजता?”

“दोन पंचवीस.” काकींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले आणि त्यांना सगळे कळले. “तू वर जा. आतून कडी लाव. मी बसते दारात.”

“नको. इथल्या दारातून स्टँडवर उतरणाऱ्यांची तोंडं दिसत नाहीत.”

“एसटीनंच येईल कशावरून?”

“मागच्या वेळी भाड्याची गाडी अडवली ना. परत तीच चूक नाही करणार तो.”

स्टँड दोनशे पावलांवर होते. ती काकींच्या पुढे भरभर चालली. शिवणकामवाला दुकान उघडे टाकून मागोमाग आला. औषधाच्या दुकानातली मुलगी आली. चौकशीच्या खिडकीतला माणूस बाहेर येऊन खांबाला टेकून उभा राहिला.

गाडी आठ मिनिटे उशिरा आली. शलाका दारासमोर, अगदी पायरीजवळ जाऊन उभी राहिली. उतरणाऱ्यांना तिला वळसा घालून जावे लागत होते. एक बाई चिडली, “बाजूला हो की गं!” शलाका हलली नाही. टोपीवाला म्हातारा, दोन कॉलेजच्या पोरी, एक कोंबड्यांची पाटी, एक दाढीवाला माणूस. त्या दाढीवाल्याला तिने इतका वेळ न्याहाळले की तो ओशाळला. एकवीस माणसे उतरली. वाहकाने घंटी दिली. शलाका पायरी चढून आत डोकावली. सीटा रिकाम्या होत्या.

“नाय आला,” काकी म्हणाल्या.

“नाही.”

“चल मग.”

“वीज आली नाही अजून. पुढची गाडी कधी?”

“सव्वातीनला.”

काकींनी तिच्याकडे बघितले. मग शिवणकामवाल्याला म्हणाल्या, “जा रे, दोन स्टुलं आण.” त्याने दोन आणली, परत गेला आणि स्वतःसाठी तिसरे घेऊन आला. शलाकाने आपले स्टूल उचलले, घाटाच्या रस्त्याकडे तोंड करून ठेवले आणि बसली.